कंट्रोल ठेवायचा राहिला

चष्मा घसरत होता.

ठकीचे दोन्ही हात हूडच्या, म्हणजे पेशी निर्जंतुक ठेवणाऱ्या कपाटाच्या, काचेखाली कोपरापर्यंत आत होते. उजव्या हातात पिपेट, डाव्या हातात जिवंत पेशींची नळी, आणि चष्मा मात्र घसरत घसरत पार नाकाच्या शेंड्यावर येऊन बसलेला. हात बाहेर काढावे तर हातमोजे बदला, स्पिरिट फवारा, सगळं पहिल्यापासून करा. आणि चष्मा पडू द्यावा, तर तो थेट तीन आठवडे जपलेल्या पेशींवर!

तेवढ्यात मागे दार उघडलं.

"दार लावा!" ती मागे न बघताच ओरडली.

"लावलं."

"बाहेरून लावायचं होतं!"

"मग तसं आधी सांगायचं ना," एक अनोळखी आवाज म्हणाला. आवाजात हसू होतं. ठकीला राग आला, पण चष्मा आणखी एक सूतभर खाली आला आणि राग मागे पडला.

"डावीकडे डबा आहे. त्यातला एक मोजा हातात चढवा."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे? चढवला? आता इकडे या आणि माझा चष्मा वर करा. हूडला हात लावायचा नाही, मला लावायचा नाही, फक्त चष्म्याला."

पावलं जवळ आली. एक बोट पुढे आलं आणि त्याने चष्मा मधोमध धरून अलगद, अगदी अलगद, वर सरकवला. जग पुन्हा स्पष्ट झालं. त्या जगात आता एक उंच, विस्कटलेल्या केसांचा तरुण होता. काखेत मोठी थोरली फाइल, आणि उजव्या कानाच्या पाळीला निळी शाई.

"दिसतोय का मी आता?"

"दिसताय," ठकी म्हणाली. "कान पुसा."

तो चित्रकार होता. मुलांसाठी शरीरावरचं एक पुस्तक निघत होतं आणि त्यातली रोगप्रतिकाराची दोन पानं काढायला त्याला प्रकाशकांनी पाठवलं होतं. जायचं होतं मॅडमच्या खोलीत. उघडलं भलतंच दार. मॅडम म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी त्याचं नीट ऐकून घेतलं आणि बोट दाखवून परत त्याच दाराशी पाठवलं. "तिला विचारा. पेशी मरतात कशा, हे तिच्याइतकं इथे कोणाला ठाऊक नाही."

ठकी हे अर्थातच तिचं घरातलं नाव. लहानपणी ती तासन् तास एकाच जागी लाकडी बाहुलीसारखी बसून मुंग्या बघायची, म्हणून ताईने ठेवलेलं. आता ती मुंग्यांऐवजी पेशी बघत बसायची, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवसापासून चित्रकार बरोबर अकराला येऊ लागला. दाराजवळच्या स्टुलावर बसायचा, मांडीवर फाइल, फाइलीवर कागद. आणि प्रश्न... प्रश्नांना तर अंतच नव्हता. ठकीला वाटलं होतं, हा डोकं खाणार. पण तो असं काही विचारायचा की उत्तर देता देता तिलाच नवीन काहीतरी सुचायचं.

पहिलं चित्र त्याने मोठ्या ऐटीत पुढे केलं. त्यातल्या प्रत्येक पेशीच्या हातात तलवार होती आणि ओठांवर झुपकेदार मिशा.

"मिशा?" ठकीला हसू आवरेना.

"शूर दिसायला नकोत का?"

"तलवार काढा. मिशाही काढा. लढतात त्या खऱ्या, पण मला लढाईपेक्षा नंतरचंच जास्त आवडतं. जंतू संपला की या पेशींचं काय होतं, माहितीये?"

"निवृत्त होतात?"

"मरतात. बहुतेक सगळ्या."

त्याची पेन्सिल थांबली. "कोण मारतं?"

"मारत कोणी नाही. सांगतात. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात... कान समजा. त्यातल्या एका कानात निरोप येतो, आता पुरे. तो ऐकला की पेशी आपलं आपण आवरून घेते. आरडाओरडा नाही की पसारा नाही. मागे राहिलेलं शेजारच्या पेशी उचलून नेतात."

"आणि निरोप ऐकलाच नाही तर?"

"तर लढायची खोड जडते. जंतू उरला नाही की घरच्यांशीच लढत बसते."

"माझी आत्या," चित्रकार गंभीरपणे म्हणाला.

ठकी इतकी हसली की तिला पिपेट खाली ठेवावं लागलं.

"आणि जगायचं कोण सांगतं?" त्याने जरा वेळाने विचारलं.

"त्याचे रिसेप्टर वेगळे. त्यांना आजूबाजूने सारखा निरोप लागतो, की आहेस ना? राहा. तो येईनासा झाला, तर कोणी काही न करताही पेशी मरते. आमच्याकडे त्याला उपेक्षेने मरण म्हणतात."

"शास्त्राच्या पुस्तकात? याच शब्दांत?"

"याच शब्दांत."

तो नुसताच तिच्याकडे बघत राहिला, आणि ठकीला उगीचच नळ्यांचे आकडे पुन्हा तपासावेसे वाटले.

हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि घरातलं 'ठकी' त्याच्याही तोंडी आलं. कोणी केलं, कधी केलं, दोघांनाही सांगता आलं नसतं. आणि एक दिवस तिने त्याला आपलं गुपित सांगितलं. तीन वर्षं ती एकाच गोष्टीमागे होती. 'आता पुरे' ऐकणारा तो रिसेप्टर लढून दमलेल्या पेशींना मारतो, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण ठकीच्या प्लेटमध्ये त्याने कधीही न लढलेल्या, निवांत बसलेल्या पेशींनाही मारलं होतं! अशी गोष्ट आजवर कोणी दाखवली नव्हती. सोमवारी मॅडम त्यावरचा लेख छापायला पाठवणार होत्या, आणि त्या लेखावर ठकीची पदवी, पुढची नोकरी, सगळं काही अवलंबून होतं.

"तीनदा केलंय मी," ती अभिमानाने म्हणाली. "मॅडमचा नियमच आहे. तीनदा आल्याशिवाय त्यांच्यासमोर जायचंच नाही."

"मग हेच काढतो मी दुसऱ्या पानावर. तुझा शोध. मुलांना सगळ्यांत आधी कळू दे."

त्याने पेन्सिलीला टोक काढलं. टोक झालं तरी काढतच राहिला. मग टोकाकडेच बघत म्हणाला, "मला तू आवडतेस."

ठकीचा चष्मा घसरला. तिने तो स्वतःच वर केला, कारण हात मोकळे होते.

"किती वेळा वाटलं?" ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"एकदा वाटणं म्हणजे काहीच नाही. योगायोग असू शकतो. आमच्याकडे तीनदा..."

"अस्सं!" तो उठला. "मग उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला दारातून फक्त डोकं आत आलं. "आवडतेस. दोन," एवढं बोलून ते गेलं. ठकी दिवसभर स्वतःशीच हसत होती.

संध्याकाळी घरी ताई शिवणयंत्रावर बसली होती. दातांत टाचण्या धरूनही तिला बोलता येई. "काय गं, त्या तुझ्या अकराच्या गाडीचं काय झालं? आज वेळेवर होती वाटतं!"

"ताई, गप्प बस ना."

"मी गप्पच आहे. तुझे कान बोलतायत. लाल झालेत बघ."

तिसऱ्या दिवशी चित्रकार आला तो हातात मोठा कागद घेऊन. पुस्तकातलं पान नव्हतं. हे त्याने तिच्यासाठी काढलं होतं. तिचं टेबल. एकही वस्तू सुटली नव्हती. पिपेटचा स्टँड, मोज्यांचा डबा, कपाच्या तळाशी वाळलेला चहा, बर्फाच्या भांड्यात शेजारी शेजारी दोन इवल्या बाटल्या.

"शनिवारी जातोय मी," तो म्हणाला. "पानं घेऊन प्रकाशकांकडे. तिथे पुढचं कामही आहे म्हणतात, वर्षभराचं. घ्यायचं की नाही, ते... म्हणजे आज माझी तिसरी वेळ आहे ना, तर मी म्हणतो—"

"थांब," ठकी म्हणाली.

तो थांबला. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती चित्रातल्या बाटल्यांकडे बघत होती.

एका बाटलीत रिसेप्टरला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी होती, निरोप देणारी. दुसरीत कशालाच न चिकटणारी, नुसती. तिला कंट्रोल म्हणतात. दोन प्लेट घ्यायच्या, एकीत ही घालायची, एकीत ती. बाकी सगळं तंतोतंत सारखं असलं पाहिजे. तरच फरक पडला तो निरोपामुळे, असं म्हणता येतं. ठकीने फार पूर्वी पहिलीच्या टोपणावर ठसठशीत 'अ' लिहिलं होतं आणि दुसरीच्या टोपणावर 'ब'. त्यानंतर दोन वर्षं तिने फक्त टोपणंच वाचली होती. प्रयोगशाळेत सगळे असंच करतात. लेबलावरचं बारीक अक्षर रोज कोण वाचत बसतं?

चित्रकाराने वाचलं होतं. वाचलं कसलं, बघून बघून उतरवलं होतं. 'ब'च्या लेबलावर तीन ओळी होत्या. 'अ'च्या लेबलावर चार. चौथी ओळ मुंगीएवढ्या अक्षरांत होती: सोडियम अझाइड.

"ही ओळ तू मनाने घातलीस?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"नाही बुवा. मला यातलं महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय ते कुठे कळतं? म्हणून मी सगळंच काढतो."

ती धावत फ्रिजकडे गेली, 'अ' काढली, दिव्याखाली धरली. ओळ होती. तिथेच होती, पहिल्या दिवसापासून.

"काय झालं?" तो जवळ आला. "ठकी, काय आहे ते?"

"अँटिबॉडी नासू नये म्हणून घालतात. नुसत्या पेशी रंगवून मोजायच्या असतील तर चालतं. पण जिवंत पेशींना दिलं..." ती स्टुलावर बसली. "ते विष आहे. जिवंत पेशींसाठी वेगळी, स्वच्छ बाटली मागवायची असते. 'ब' मी तशीच मागवली होती. 'अ' मात्र दुसरीच आली आणि मी बघितलंच नाही. माझ्या पेशी रिसेप्टरने मेल्या की या विषाने मेल्या, मला आता सांगताच येत नाही."

"पण तू तीनदा केलं होतंस ना?"

"हो ना," ठकी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीनदा एकच चूक केली!"

 बाहेर व्हरांड्यातून कोणीतरी नळ्यांनी भरलेली ट्रॉली खडखडत नेली. ठकीच्या मनात एक विचार येऊन गेला आणि त्याची तिला लाज वाटली. हे चित्र सोडलं तर ही ओळ कोणाच्या लक्षात येणार होती? सोमवारी लेख जाईल. पदवी मिळेल. चित्र घरी लावलं की झालं.

चित्रकार तिच्याकडेच बघत होता. त्याने काही विचारलं नाही, काही सुचवलंही नाही. मग फाइल उघडली, पुस्तकाचं दुसरं पान काढलं, तिच्या शोधाचं, आणि त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक फुली मारली.

"हे पान मी छापायला देत नाही," तो म्हणाला. "तू काय करायचं ते तू ठरव. पण हे तुला खात्री होईपर्यंत माझ्याकडे राहील."

ठकीने डोळे पुसले, चष्मा चढवला. "मी मॅडमकडे जाते," ती म्हणाली. आणि दारात थांबून, "तू शनिवारी जा. स्वच्छ बाटली घेऊन मी पुन्हा लावते. आठ दिवस लागतील. तोपर्यंत फोन करू नकोस."

"का गं? रागावलीस?"

"नाही रे. तू बोललास की मला सगळं छान व्हावंसं वाटतं. मग माझे डोळे मला हवं तेच बघतील. आठ दिवस मला कोरडं राहू दे."

तो काहीतरी बोलणार होता. तिसऱ्यांदा बोलायचं होतंच त्याला. पण त्याने फक्त मान हलवली.

मॅडमनी बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. ठकी समोर उभी होती. तीन वर्षांत मॅडम कोणावर ओरडल्याचं तिने ऐकलं नव्हतं, आणि आज त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मीही दोनदा आले होते तुझ्या टेबलाशी," मॅडम शेवटी म्हणाल्या. "मीही टोपणच वाचलं. लेख थांबवते. स्वच्छ बाटली मागव आणि आल्यावर लेबल मला मोठ्याने वाचून दाखव."

बाटली शनिवारीच आली. लेबल मोठ्याने वाचून झालं. ठकीने प्लेट लावल्या आणि वाट बघू लागली.

वाट पेशींची बघायची होती. पण अकरा वाजले की मान आपोआप दाराकडे वळायची. पहिल्या दिवशी तिने स्वतःला दटावलं. दुसऱ्या दिवशी दाराकडे पाठ करून बसली, तर प्रत्येक पावलाला कान टवकारले. तिसऱ्या दिवशी एक प्रश्न सुचला, फार छान प्रश्न, आणि तो सांगायला कोणी नव्हतं. स्टूल तिथेच होतं. त्यावर कोणीतरी कागदाच्या पेट्या आणून ठेवल्या, तर ठकीने त्या उचलून जमिनीवर ठेवल्या, आणि का ठेवल्या ते विचारणाऱ्याला सांगता आलं नाही.

"जेवत का नाहीस?" ताईने विचारलं. या खेपेला दातांत टाचण्या नव्हत्या आणि चेष्टाही नव्हती. "प्रयोग बिघडला म्हणून?"

"प्रयोग बिघडला नाही. तो आता कुठे नीट चाललाय."

"मग?"

"मग काही नाही," ठकी म्हणाली, आणि पानातल्या पोळीची घडी उलगडून चौथ्यांदा पुन्हा घातली. ताईने पोळीवर हळूच आणखी एक पोळी वाढली.

आठव्या दिवशी तिने दोन्ही प्लेट मशीनवर मोजल्या. निवांत पेशी जिवंत होत्या. 'अ'मध्येही, 'ब'मध्येही, जवळजवळ सारख्याच. रिसेप्टरने त्यांना 'पुरे' म्हटलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलंच नव्हतं. न लढलेल्याला पुरे म्हणून काय होणार? जगाला आधीच माहीत होतं तेच खरं निघालं. तीन वर्षांचा शोध एका आकड्यात संपला.

ठकीला वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही. उलट कितीतरी दिवसांनी पाठ सरळ झाल्यासारखी वाटली. आणि लगेच दुसराच प्रश्न डोक्यात उभा राहिला: एकच कान, एकच निरोप, मग निवांत पेशीच्या आत असं काय असतं की ती ऐकूनही मरत नाही? मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "हा प्रश्न चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पदवी वर्षभर लांबेल. चालेल?" ठकीने होकार दिला.

तिने प्लेट धुवायला टाकल्या, हात धुतले, आणि घड्याळाकडे न बघता तिला कळलं की अकरा वाजलेत.

दार उघडलं.

"लावलं," चित्रकार म्हणाला. "आतून."

या वेळी शाई डाव्या कानाला होती. तो थेट प्रवासातून आलेला दिसत होता. खांद्यावर बॅग, काखेत फाइल. "पान अजून माझ्याकडेच आहे. काय काढू त्यावर?"

"निवांत पेशी काढ. जिवंत. मिशा नकोत."

"तुझा शोध?"

"गेला," ती म्हणाली. "पण प्रश्न मिळालाय. सांगते तुला, फार मजेचा आहे..." आणि थांबली. "वर्षभराचं ते काम घेतलंस?"

"उत्तर उद्या देतो म्हणालोय. आधी इथे एक गोष्ट राहिली होती. तिसरी वेळ." त्याने घसा साफ केला. "ठकी, तू मला—"

"तीनवर माझा आता विश्वास नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. ठकीला ते बघवेना, म्हणून ती भराभर बोलू लागली, प्रयोगाबद्दल बोलतात तशी.

"ऐक ना. तू येतोस तेव्हा मला बरं वाटतं, हे मी तीनदा नाही, चांगलं वीस-बावीसदा पाहिलं होतं. पण त्याला काय अर्थ? तू नसताना कसं वाटतं, हे कुठे पाहिलं होतं मी? कंट्रोलच ठेवला नव्हता. म्हणजे तुझ्यामुळे बरं वाटतं, की चांगल्या उजेडामुळे, की पेशी छान वाढत होत्या म्हणून... काहीच सांगता आलं नसतं. तो कंट्रोल आता झाला. आठ दिवस. बाकी सगळं तेच होतं. तेच टेबल, तोच चहा, ताईही तीच. फक्त तू नव्हतास."

"आणि?" त्याचा आवाज अगदी हळू झाला होता. "निकाल काय आला?"

"वाईट."

"किती वाईट?"

"आणखी आठ दिवस ठेवला असता ना, तर आमच्या पुस्तकात त्याला एक नाव आहे," ती म्हणाली. "ते काम घेऊ नकोस. किंवा घे, पण इथे बसून कर. स्टूल रिकामं ठेवलंय मी. मला तू आवडतोस. आणि हे मी नीट तपासून सांगतेय."

तो हसला नाही. त्याने बॅग खाली ठेवली, फाइल ठेवली, आणि मग डब्याजवळ जाऊन एक मोजा ओढून काढला.

"मोजा कशाला?" ठकी म्हणाली.

बोलता बोलता, डोळे भरून येता येता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. समोरचा माणूस नुसता एक धूसर, उंच, निळ्या कानाचा आकार झाला होता. तिचे दोन्ही हात धुतलेले होते, मोकळे होते.

तिने ते तसेच खाली ठेवले आणि त्याच्या बोटाची वाट बघितली.